कायम की रोजंदारी

मी कुंभवलीची. आता बोईसरला दिलेली हाय, पन जलम कुंभवलीचा. बसा बाई, वही मांडीवर ठेवा, पन पेन उघडायच्या आधी ऐका, तुमच्यासारखी मानसं मला आवडत नाय. तोंडावर सांगते. दारात येतात, पानी पितात, घरात किती जन, कोन काय करतो, आधी काय करायचे, गोड बोलून सगळं विचारतात आनि लिवून नेतात, मागं त्या घराचं काय झालं ते बघायला परत कोनी येत नाय. मीबी हे काम केलंय, नववीत असताना, म्हनून बोलते. आता तुमी आलाच हायत तर सांगते, पन नाव कुनाचं लिवायचं नाय, माझंबी नाय.

आमचं घर म्हंजे बाबा, आई, दादा आनि मी. थोडं भात, तेबी पावसावरचं, आनि घरामागं वालाचा मळा. मी लहान होते तवा गावाच्या कडेनं जमिनी मोजायला लागले, मग कुंपन पडलं, मग कंपन्या आल्या, एकीमागून एक, त्यात आमची अर्धी जमीन गेली. बाबा म्हनायचे, जमीन गेली तर गेली, पोरगा कंपनीत लागंल. काय सांगू तुमाला, लागला कुठं. रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभा राहायचा, गावातली बाकीची पोरं पन तशीच उभी, ठेकेदाराचा मानूस यायचा, बोट दाखवायचा, तू चल, तू चल, बाकी सब कल आना. मग दादा तिथंच कुठं तरी झाडाखाली डबा खायचा आनि कामावरून सुटल्यासारखा संध्याकाळी घरी यायचा. आईला ठावं होतं, मला ठावं होतं, बाबांना तर होतंच.

पन गावात हे कोनी बोलायचं नाय. कुनाला विचारा, पोरगा काय करतो, तर कंपनीत हाय. बस. कारन पोरगी द्यायला येनारे पाव्हने पयलं तेच विचारायचे, कंपनीत हाय ना, कायम हाय ना. आमच्या आळीत खरा कायम एकच जन, त्याला कंपनीचा निळा ड्रेस होता. कुनाकडं पाव्हने यायचे असले की तो ड्रेस मागून आनायचा, धुवायचा आनि दारापुढं दोरीवर वाळत घालायचा. पाव्हन्यांना दिसला की झालं, मग विचारायची पाळीच येत नसे. ज्याचा ड्रेस तो बुटका, आमचा दादा हा एवढा उंच, पन अंगात घालायचा कुठं होता. तुमी हसता, पन त्या एका ड्रेसवर आळीतली किती लग्नं जमली.

दादाचंबी तसंच जमलं. पोरगी घिवलीची, नारळाची वाडी असलेलं घर, मानसं चांगली. साखरपुडा झाला, माघातलं लग्न धरलं. आई नुसती हरखून गेली होती, जो भेटंल त्याला सांगायची.

त्या टायमाला मी नववीला, हायस्कुलात चालत जायची. मला दुसरं काय नव्हतं, ना रूप ना रंग, पन शाळेत माझा नंबर वरचा होता, मास्तरीन व्हायचं मनात धरलं होतं. सामाजिक शास्त्राला एक सर होते, घाटावरचे, नवीन नवीन, लई उत्साह. वर्गात आले आनि म्हनाले, मुलांनो, सामाजिक बदल हा धडा पाठ करू नका, तो तुमच्या दारात चालू आहे, जाऊन पाहा. प्रत्येकानं आपल्या आळीतली वीस घरं घ्यायची. तक्ता आखून दिला, घरातल्या कामाला जानाऱ्याचं नाव, शिक्षन, आधीचा धंदा, आताचा धंदा, आनि शेवटच्या रकान्यात कायम की रोजंदारी. जे खरं तेच लिहा, म्हनाले, हे शास्त्र आहे.

मी फिरले घरोघर. लोकं म्हनायची, कशाला लिवते गं, घासलेट वाढवून मिळनार काय. एक म्हातारी तर मागंच लागली, माझी म्हस गाभन हाय तेबी लिव. लिवलं सगळं. आमचं घर विसावं, ते शेवटी लिवलं. माझा तक्ता सरांना इतका आवडला की मोठ्या कागदावर माझ्याकडूनच उतरवून घेतला, शाईनं, नावांसकट, आनि गॅदरिंगच्या दिवशी हॉलच्या भिंतीवर लावला. बक्षिसं द्यायला मोठा पाव्हना बोलावला होता, त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी खूश.

दादाला ठरलेल्या त्या पोरीच्या मामाचा पोरगा आमच्याच शाळेत होता. मामा गॅदरिंगला आला. तक्त्यापुढं उभा राहिला, बोट ठेवून ठेवून एकेक ओळ वाचली, आमच्या ओळीशी आला आनि थांबला. दादाचं नाव, रोजंदारी, गेटवर उभा राहतो. एवढंच लिवलं होतं मी. त्यानं टोपी डोक्यावर घातली आनि गेला. दोन दिवसांनी पोरीकडच्यांनी साखरपुड्याची साडी आनि नारळ आमच्या ओटीवर आनून ठेवला, पानीसुदा न घेता गेले.

बाबांनी मला मारलं, ते सोडा, मारनारच. मग शाळेत गेले भांडायला, मी मागं मागं. सर काय म्हनाले ठावं हाय? मी फक्त खरं लिहा म्हणालो, नावं झाका असं तुम्ही सांगायचं होतं. म्हंजे आमी सांगायचं. आनि बाबा बाहेर पडले तसे मला म्हनतात, समाज बदलतो तेव्हा थोडं दुखतंच. अरे, दुखलं कुनाला? तुमची तर वाहवा झाली त्या तक्त्यावर. त्या मानसाला मी अजून माफ नाय केलं आनि करनारबी नाय. त्याच दिवशी माझं दप्तर माळ्यावर गेलं. दोन वर्सांत मला उजवली, तवापासून पॅकिंगच्या शेडमधे बाटल्यांना लेबलं लावते.

गावात सगळी म्हनतात, पोरगी भोळी होती, सरांनी सांगितलं ते केलं. आईबी मरेपर्यंत तेच म्हनायची, माझी पोर भोळी. मी कधी तोंड उघडलं नाय. आज तुमाला सांगते, कारन तुमी उद्या निघून जानार.

बाई, मी भोळी नव्हते. साखरपुड्याच्या दिवशी त्या मामानं विचारलं, ही बहीन काय करते, तर दादा पायावर पाय टाकून म्हनाला, नववीला हाय, पन मी यंदा तिची शाळा बंद करतो, घरात मळ्याला मानूस पायजे. मला कोनी विचारलं नाय. स्वताला काम नाय आनि माझी शाळा बंद करनार, कशासाठी, तर पाव्हन्यांपुढं मोठा दिसायला. मला असा राग आला की सांगता येत नाय. आनि बाकीच्या घरांत मी काय लिवलं होतं ठावं हाय? लोकांनी सांगितलं ते. दादाच्या बरोबरीनं गेटवर उभी राहनारी सगळी पोरं, सगळ्यांपुढं मी कायम लिवलं, खोटं हाय हे ठावं असून. खरं लिवलं ते एका आमच्याच घराचं.

साडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा शाळेत गेला. तक्ता अजून भिंतीवरच होता. पयल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मी त्याच्या मागनं जाऊन दारात उभी होते. मग माझ्याकडं बघितलं त्यानं. मारलं नाय, शिवी दिली नाय, नुसतं बघितलं आनि गेला.

त्याचं लग्न पुढं झालं, उशिरानं, दोन पोरं हायत. मी राखी घेऊन गेले की वैनी बसवते, चहा देते, तो मागच्या दारानं मळ्यात जातो. सोळा वर्सं झाली, माझ्याशी एक शबुद नाय. लोकं म्हनतात, किती राग धरावा मानसानं, बिचारी तेव्हा पोरवयाची होती. दादाला एकट्याला ठावं हाय मी काय केलं ते. त्याच्या जागी मी असते तर मीबी बोलले नसते.