दहा मोजा, दहा राहतील

हसा, हसा, खुशाल हसा! मागे भिंतीवर वीतभर अक्षरांत पाटी, 'मशीनवर हातमोजे घालू नयेत', आणि तिच्याच पुढ्यात हा बाबा लाल लोकरीचे हातमोजे घालून उभा, असंच ना? अहो, मला काय हौस आहे? काढले की घरी कळतं. कसं कळतं ते विचारू नका, सव्वीस वर्षं संसार झाला, तिला कसं कळतं हे मला एकदाही कळलेलं नाही. आणि ती पाटी ना, ती मीच रंगवलीय. खालची ओळसुद्धा माझीच. वाचा, मोठ्यानं वाचा, जरा झोप उडेल... 'दहा मोजा, दहा राहतील.' शाब्बास! आज नवीन लागलात ना कामाला, म्हणून सांगतो, बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

तर ही डॉकिंग सॉ. नाव भारदस्त, काम एवढंच, की लांब फळी आली, मापात तोडली, पुढे ढकलली. पॅडल दाबलं की पातं सूंऽऽ करत येतं, फळी तोडतं, मागे जातं, बस्स. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय, काकडी कापल्यासारखं! अहो, काकडी कापताना बोट कापून घेणारी माणसं आहेत जगात, इथं तर पातं जेवायच्या ताटाएवढं! म्हणून फळी आधी उलटीसुलटी करून बघायची, खिळा नाही ना, गाठ नाही ना... वाकडी असली तर फुगीर बाजू मागच्या लोखंडी पट्टीला टेकवायची, नाहीतर कापता कापता फळी पात्याला आवळते आणि मग ती फळी कुठे जाईल ते तिलाच माहीत... शेपूट रोलरवर, बाह्या वर, घड्याळ-अंगठी खिशात, हात लाल रेघेच्या बाहेर, तुटणारा तुकडा धरायचा नाही, काय वाट्टेल ते झालं तरी धरायचा नाही! आणि बटण बंद केलं म्हणजे पातं थांबलं असं नाही. ते फिरत राहतं, गुपचूप, आवाजसुद्धा न करता. तेव्हा सावकाश दहापर्यंत मोजायचं, मग डोळ्यांनी बघायचं खरंच थांबलंय का, आणि मगच तुकडा बाजूला करायचा, तोही काठीनं. दहा मोजा, दहा राहतील!

बावीस वर्षं मी हेच केलं, हेच सांगितलं, हेच ओरडलो. कारखान्यात माझं नाव काय पडलं होतं माहितीये? 'मोजमास्तर.' मी आलो की लोक बाह्या वर करायचे. गेल्या थंडीत आमचा दाढीवाला मशीनवर हातमोजे घालून उभा दिसला... बिचारा म्हणाला, "अहो मास्तर, बोटं गारठलीत, पाचच मिनिटं." पाचच मिनिटं? मी मशीन बंद केली, फोरमनला बोलावलं, सगळ्यांदेखत त्याला खाली उतरवलं. फोरमन म्हणाला, "महिनाभर ठेवू बाजूला." मी म्हटलं, महिना? महिना म्हणजे सुट्टी झाली! पाटीवर लिहा, 'हातमोजे घातलेला दिसला तर मशीनवरून खाली, कायमचा.' तो 'कायमचा' माझा बरं का. दोनदा रंग दिला त्याला मी, उठून दिसावा म्हणून. तेव्हापासून दाढीवाला फळ्या वाहतो. त्याचा खांदा दुखतो हे मला माहीत होतं, पण नियम म्हणजे नियम.

आता घरी या. माझं सगळं आयुष्य मिलिमीटरमध्ये, आणि आमच्या हिचं सगळं आयुष्य 'साधारण'मध्ये. पडदा शिवला, तर जमिनीवर लोळतोय. उशीचा अभ्रा केला, तर आत दोन उशा बसतील. स्वेटर विणला, तर बाहीतून हात शोधायला माणूस पाठवावा लागतो! मी म्हणायचो, "अगं, टेप आहे घरात, तीन आहेत, एक तरी वापर." ही म्हणायची, "असू दे हो, धुतल्यावर आटतं." सव्वीस वर्षं धुतोय, काही आटलेलं नाही. मी टोचून बोलायचो, पाहुण्यांसमोर सुद्धा बोलायचो, ती हसून सोडून द्यायची. आणि ह्या थंडीत तिनं माझी बोटं बघितली. सकाळी कपाचा कान धरता येईना मला, कप कलंडला. चार दिवसांनी डब्याच्या पिशवीत हे लाल हातमोजे. असेच, इंचभर मोठे, बोटांच्या पुढे लोकरीची शेपटं लोंबतायत! मी म्हटलं, "कुणाच्या हाताचं माप घेतलंस?" म्हणाली, "जाता-येता तरी घाला."

जाता-येता! तेवढंच ऐकलं असतं तर आज तुमच्यापुढे टकळी चालवत उभा नसतो.

त्या दिवशी पत्र्याची शेड, टेबल लोखंडाचं, हात ठेवला की बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखं. खोक्यांच्या पट्ट्या तोडायच्या होत्या, साडेचारशे मिलिमीटर, दोनशे नग, आणि फोरमन तिकडून, "मास्तऽऽर, गाडी दारात उभी आहे, किती राहिल्या?" माझ्या बोटांना फळीच कळेना हो. धरलीय की सुटलीय, कळेना. शेडीत त्या वेळी माझ्या बाजूला कुणी नव्हतं. आणि तुम्हाला सांगतो, माणूस बिघडतो तो अस्साच, बाजूला कुणी नसताना. मी म्हटलं, पाचच मिनिटं. होय, दाढीवाल्याचेच शब्द! घातले हातमोजे. शेवटच्या पट्टीचा काडेपेटीएवढा तुकडा पात्याशी अडकला. बटण बंद केलं. मोजायला लागलो, एक, दोन, तीन, "मास्तऽऽर!", चार, "आलोऽऽ", पाच, सहा... आणि सहाला हात घातला.

सहाला!

धरल्यासारखं झालं. बोटाला नाही, लोकरीला. एक हिसका, आणि माझा हात माझ्याकडे आणि हातमोजा तिकडे, पात्यावर, गरगर, लाल चेंडू होऊन... आणि मी उघड्या हाताकडे बघत उभा. घट्ट असता ना हातमोजा, मापात असता, साडेचारशे म्हणजे साडेचारशे असा माझ्यासारख्यानं विणलेला असता, तर तो सुटला नसता. हातासकट गेला असता. इंचभर मोठा होता म्हणून सुटला. मी मोजलं, एक, दोन, तीन... आणि तुम्हाला खरं सांगतो, दहा आल्यावर मला रडू आलं.

आणि रडून झाल्यावर शहाण्या माणसानं काय करायचं? जाऊन सांगायचं. मी काय केलं? पातं थांबल्यावर ती लोकर काठीनं काढली आणि भुशाच्या पोत्यात कोंबली! मोजमास्तर! एरवी दुसऱ्याचं कुसळ लांबून दिसायचं मला.

पण खोटं लपतं का हो? एक बोट, म्हणजे हातमोज्याचं बोट, मशीनखाली भुशात पडलं होतं. दुपारी भुसा भरणाऱ्या मावशींनी सूप घातलं आणि शेड डोक्यावर घेतली, "अगंऽऽ बाईऽऽ बोट! लालभडक बोट!" पळापळ! कुणी पाणी आणतंय, कुणी चिंधी आणतंय, एक जण तर बर्फ आणायला बाहेर पळाला, आणि कुणाचं बोट हे कुणीच विचारेना! मग फोरमन टेबलावर चढला. "सगळे रांगेत! हात पुढे! मी मोजणार!" एकोणीस माणसं. म्हणजे बोटं किती, एकशे नव्वद. एक जण विचारतो, "साहेब, अंगठा धरायचा का?" दुसरा म्हणतो, "अंगठा म्हणजे बोट नव्हे." फोरमन म्हणतो, "धरा!" मग पुन्हा पहिल्यापासून. मोजता मोजता शेवटाला आला आणि पांढराफटक पडला. "एकशे एकोणनव्वद... आणि अर्धं!" तेवढ्यात चौकटी जोडणारे काका हात वर करून म्हणतात, "साहेब, ते माझं. पण ते जुनं! माझ्या लग्नाच्या आधीचं!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, हसायलाच लागतं. माझ्या शेजारी रांगेत कोण असावं? दाढीवाला. त्याची नजर माझ्या शर्टावर. मी खाली बघितलं, तर छातीवर लाल लोकरीचा दोरा, हा एवढा, लांबलचक! आता हा बोलणार. आणि का बोलू नये? वर्षभर फळ्या वाहतोय माझ्यामुळे. मी डोळे मिटून घेतले. आणि त्यानं दोन बोटांनी तो दोरा उचलला, हळूच, जसा कुणी आपल्या माणसाच्या अंगावरचा केस उचलतो, आणि स्वतःच्या खिशात घातला. वर म्हणाला, "साहेब, बोट कसलं, लोकर आहे ती, कुणाचातरी मफलर उसवला असेल, सोडा." झालं, फोरमननं सोडलं. पण मला कुणी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी घरी गेलो, पिशवीत एकच हातमोजा. हिनं पिशवी रिकामी केली. "दुसरा कुठाय?" मी म्हटलं, "पडला कुठेतरी." म्हणाली, "पडणारच, सैल होता. चुकलंच माझं. तुम्ही सव्वीस वर्षं सांगताय." आणि काय केलं तिनं? जन्मात पहिल्यांदा टेप घेऊन बसली माझ्यापुढे! "हात द्या. आता नीट मापात विणते, अगदी घट्ट. सुटायचं नाव घेणार नाहीत."

तुम्ही असतात तर काय केलं असतं? सांगा ना! ती माझं बोट धरून माप घेतेय, टेप गार लागतोय बोटाला, आणि ती पुटपुटतेय, "सात सेंटीमीटर आणि वर थोडं... थोडं नको, बरोबर सांगा हं..." आणि माझ्या तोंडून आलं, "घट्ट नको गं. घट्ट असता तर हात गेला असता." सगळं सांगितलं मग. सहाला हात घातला तेही सांगितलं, दाढीवाल्याचा दोराही सांगितला. ओरडेल, रडेल असं वाटलं. काही नाही. टेप खाली ठेवला, माझे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकेक बोट धरून मोजायला लागली. दहा झाली. पुन्हा पहिल्यापासून. तीनदा मोजली. मग म्हणाली, "उद्या फोरमनला सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर डबा घेऊन मी येते आणि मी सांगते." तिनं डबा घेऊन येऊन सांगणं म्हणजे काय ते लग्न झालेल्यांना कळेल.

सांगितलं. फोरमननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, पाटीवरची ती 'हातमोजे घातलेला दिसला तर'ची ओळ वाचा बरं." वाचली. "मोठ्यानं." वाचली. "शेवटचा शब्द?" कायमचा. दोनदा रंग दिलेला! मी म्हटलं, माझं असू द्या, पण दाढीवाल्याचा कायमचा पुसा, तो शब्द त्याच्यासाठी मी रागानं घातला होता. फोरमन म्हणाला, "त्याचा पुसतो. तुमचा राहील. लिहिणाऱ्याला सूट नाही." दुसऱ्या दिवशी दाढीवाला मशीनवर आणि मी खाली. बावीस वर्षांनी, तुम्हाला सांगतो, माझ्याच मशीनचा आवाज मी लांबून ऐकला. दाढीवाला बाकी नीट करतो. ऐका, आता बंद केली त्यानं... सात, आठ, नऊ, दहा. बघा! मगच काठी घेतो.

आणि मला दिलं हे काम, दर सोमवारी नव्या माणसांपुढे उभं राहून बोलायचं. हिला कळल्यावर केवढा आनंद! म्हणाली, "मग आता हातमोजे घालायला हरकत नाही!" आठ दिवसांत नवा जोड. हे बघा... इंचभर मोठे. आता बोला, ह्यांचं माप चुकलं म्हणू? कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि अजूनही रोज संध्याकाळी दारातच थांबवते, हातमोजे काढायला लावते आणि बोटं मोजते. परवा मी वैतागून म्हटलं, "अगं, आता मशीन नाही, काही नाही, दिवसभर नुसता बोलतो मी! बोटं कशाला जातील?" क्षणभर विचार केला तिनं, आणि म्हणाली, "खरंच की. इतकं बोलता म्हणजे आता दात मोजायला हवेत."

तेव्हापासून दातही मोजते. एकतीस भरले. एक कमी आहे... पण तो जुना!