पारूकाकींचा व्हिडिओ

तुम्ही इंटर्नशिपचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगते. दहावीच्या सुट्टीत मी साताऱ्यातल्या एका संस्थेत होते. मदत मागणाऱ्या बायकांचे व्हिडिओ काढायचं काम होतं. माण तालुक्यातल्या एका गावातल्या पारूकाकींना शिलाई मशीन हवी होती. नवरा कसा गेला, पोरींचं कसं चाललंय, सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं.

संस्थेच्या मॅडम वैतागल्या. "अहो, थोडं रडा की! देणगीदार बघणारेत."

"आता न्हाई येत वो रडू," काकी म्हणाल्या.

पुढच्या फेरीत मशीन शेजारणीला दिली. ती कॅमेऱ्यासमोर धाय मोकलून रडली होती.

आम्ही निघालो तेव्हा काकींनी माझा हात धरला. "पोरी, परत काढ की माजा व्हिडिओ. आता रडाय येतंय बग."

खरंच रडत होत्या.

मॅडम गाडीतून ओरडल्या, "चल गं, मशिनी संपल्या!"