बारा काळे शर्ट आणि एक पांढरा

मी राजापूरकडचा. गाव खाडीच्या अलीकडं, पलीकडच्यांना एसटी होती आणि आमाला होडी. वडील टेलर, म्हणजे आठवडी बाजारात हातमशीन मांडून बसायचे, आणि त्यांची एक सवय सांगतो तुमाला, कोण जुना शर्ट घेऊन आला नि बोलला की ह्याच्या मापानं शिवा, तर ते शर्ट बाजूला ठेवायचे आणि टेप घेऊन उठायचे. माप माणसाचं घ्यायचं, शर्टाचं नाय. तेच शिकलो आणि तेच घेऊन मस्कतला आलो, अझैब्यात, दिशदाशा शिवायच्या दुकानात, दिशदाशा म्हणजे हितल्या पुरुषांचा पायघोळ अंगरखा. वीस वर्षं झाली. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, देवमाणूस, त्यानं मला कटिंग मास्टर केलं, फॅमिली व्हिसा दिला, मग बायको नि मुलगी आल्या, अल् घुब्र्यात दोन खोल्या घेतल्या. बायको बोलली, हितं हवा नाय, नुसती भट्टी आहे. पण राहिली.

मुलगी सायली. एकुलती एक. तिचं मराठी अडखळत, घरात आमी मराठीत विचारणार नि ती इंग्लिशमध्ये सांगणार, मग मला कळलं नाय की तीच पुन्हा मराठीत सांगणार, जोडून जोडून. ती नववीत असताना शाळेत नाटक ठरलं. इतिहासाच्या बाई पुण्याच्या, हुशार बाई, त्यांनी स्वतः लिहिलेलं. त्या दुकानात आल्या नि बोलल्या, भाऊ, बारा काळे शर्ट हवेत, सगळे एकसारखे.

मी विचारलं नाय कशाला. अर्बाब हो बोलला, मी कापायला घेतलं. काळं कापड आमच्याकडं कुठलं, शेजारी अबाया शिवतात, बायकांचा तो काळा झगा, त्यांच्याकडनं आणलं. आता अबायाचं कापड सुळसुळीत, अंगावर पडतं, शर्टाला उभंच राहीना. म्हणून मी कॉलरला कॅनव्हास घातला, खांद्याला पॅड घातलं, छातीला दुहेरी कापड. आणि मापं घेतली नाय. एका मापावर बारा थर लावले नि एका झटक्यात कापले. नववीतली पोरं ती, काड्या नुसत्या, पण शर्ट घातला की पैलवान दिसायला लागली. मला लय अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

घरी बटणं लावत बसलो होतो तेव्हा सायलीनं गोष्ट सांगितली. पहिलं महायुद्ध संपलं, इटलीत लोकांना काम नाय, लढाईवरनं परत आलेले शिपाई रिकामे, महागाई, संप. तेव्हा एक पुढारी उठला, बोलला मी देश सरळ करतो, आणि त्याच्या माणसांनी काळे शर्ट घातले. टोळ्यांनी फिरायचे, कामगारांच्या कचेऱ्या जाळायचे, कोण विरोधात बोलला की त्याला धरून एरंडेल पाजायचे. मी हसलो, आमची आजी पाजायची तसं? ती बोलली, बाबा, बाटली बाटली पाजायचे, लोक मरायचे त्यानं. मग जर्मनीत तपकिरी शर्ट निघाले, आणखी कुठं हिरवे, कुठं निळे. म्हणजे सगळा युरोप कोण ना कोण टेलर शिवत बसला होता की. हे माझ्या मनात आलं, कारण मी टेलर.

आणि नाटकात टेलर होताच. बाईंच्या गोष्टीतल्या गावात एका टेलरला काळ्या शर्टांची ऑर्डर येते, तो शिवतो, आणि तेच शर्ट घालून माणसं त्याच्या शेजाऱ्याला न्यायला येतात. शेजारी छापखानेवाला, पत्रकं छापणारा. सायली त्या टेलरची मुलगी झाली होती. ती मला बोलली, बाबा, तुमी शिवले असते का?

मी बोललो, ऑर्डर ती ऑर्डर. आपण शिवायचं, कोण घालतो ते आपण बघायचं नाय.

ती उठली. मग आत जाऊन नाटकाचा कागद घेऊन आली नि बोट ठेवून वाचलं, आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत. बाबा, सेम लाइन आहे. तो टेलर हेच बोलतो. काय सांगू तुमाला, बाईंनी मला कधी बघितलं पण नव्हतं ते लिहिलं तेव्हा. त्या दिवसापासनं सायली माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. भांडण नाय, रुसवा नाय. नुसतं हो, नाय, जेवले.

चार दिवसांनी रंगीत तालीम होती, मी सुईदोरा घेऊन गेलो. समोर बाकीच्या वर्गांची पोरं बसलेली. बारा जण काळ्या शर्टात पाय आपटत आले आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, शिट्या मारल्या. आता त्या शेजाऱ्याला ओढत नेतात तिथं लोकांचा श्वास अडकायला पाहिजे ना, पण त्याच्याकडं कोण बघतच नव्हतं. शेजारी झालेला जोसेफ नावाचा मुलगा होता, केरळचा, चष्मेवाला, त्याच्या अंगात घरनं आणलेला कसला तरी मळका टी-शर्ट. सगळे माझे शर्ट बघत होते. बाई विंगेत डोक्याला हात लावून उभ्या. मला बोलल्या, भाऊ, तुमी फार चांगलं शिवलंत हो. आणि सायली माझ्याकडं बघत होती. टाळ्या मलाच होत्या, आणि मला तिथं उभं राहवेना.

मी बाईंना बोललो, त्या जोसेफला जरा हिकडं बोलवा. विंगेतच टेप काढला. गळा, छाती, बाही, मनगट, सगळं घेतलं, डावा खांदा जरा खाली आहे त्याचा, तेही लिहून घेतलं. दुकानात चांगलं पांढरं सुती कापड होतं, दिशदाशाचं, त्यातनं शर्ट कापला. तीस वर्षांच्या धंद्यात इतकं मन लावून शिवलं नसेल. फक्त एक बाही पक्की केली नाय, कच्चा टाका घातला, आमी माप बघायला घालतो तो, धागा ओढला की सुटणारा. शिकाऊ टेलरसुद्धा असं काम हातातनं सोडणार नाय. मी सोडलं.

शोच्या दिवशी बारा जण आले, टाळ्या पडल्याच. मग त्यांनी जोसेफला धरला, आणि ओढताना ती पांढरी बाही खांद्यापासनं सुटून एकाच्या हातात आली. टाळ्या थांबल्या. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई अरे देवा बोलली. जोसेफचा तो उघडा बारीक हात सगळ्या हॉलनं बघितला.

घरी जाताना टॅक्सीत सायली माझ्या शेजारी बसली. मीच बोललो, तू विचारलं होतंस ना, शिवले असते का? शिवले असते गं. विचारलंच नसतं कशाला. आताही विचारलं नव्हतं. मला वाटलं तोंड फिरवेल. तिनं माझा हात हातात घेतला, घर येईपर्यंत सोडला नाय. मला रडू आलं, ड्रायव्हर मागं बघत होता, बघू दे.

आता ती पुण्याला कायदा शिकते. पांढरा शर्ट दुकानात टांगलेला आहे, बाही पुन्हा कच्च्या टाक्यानंच लावलीय, पक्की करवत नाय. परवा बौशरची काही पोरं आली, बोलली, अंकल, पंधरा निळे शर्ट पाहिजेत, एकसारखे. मी कात्री खाली ठेवली नि विचारलं, कशाला? ती हसायला लागली. क्रिकेट टीम आहे अंकल, शुक्रवारी मॅच. हसू देत. तरी मी सायलीला फोन करून सांगितलं, असं असं विचारलं मी. ती पण हसली नि बोलली, बाबा, आता शिवा.

शिवतोय. पण थर लावून नाय कापणार. पोरांना बोललो, सगळे या, माप देऊन जा. कुरकुर केली, पण आले, उभे राहिले रांगेत. पंधरा जणांचे पंधरा गळे, एकाचा दुसऱ्यासारखा नाय. सुखात राहू देत पोरं.