वासूने उचललेला ड्रमसेट

नाव : इनोके नासाउ, वय ४६ वर्षे, व्यवसाय : लाकडाच्या वखारीत मुकादम, शिवाय 'दोंगो' या बँडचा गायक, राहणार : वाईवुला गाव, सावुसावूजवळ, फिजी.

ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. 'दोंगो' हा बँड आम्ही सतरा वर्षांपूर्वी काढला. दोंगो म्हणजे खाडीतली खारफुटी. आम्ही आमच्या बोलीत गातो. राजधानीतल्या कंपन्या म्हणाल्या, "नीट भाषेत गा, मग बघू." आम्ही त्यांची वाट बघितली नाही. चर्चच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून आम्हीच आमची गाणी रेकॉर्ड केली. आज या बेटावरच्या बसमध्ये ती वाजतात आणि ड्रायव्हर मला ओळखतसुद्धा नाही.

बँड मोडायला शत्रू लागत नाही, ड्रमवाले पुरतात. हात बसला की ते परदेशात सफरचंदं तोडायला जातात. पहिला गेला तो माझा मेहुणा केमुएली. त्याने तिकडेच दुसरा संसार थाटला. इकडे राहिली माझी बहीण लुसियाना, तिचा मुलगा वाइसेले आणि ड्रमसेट. तेव्हा बहिणीने माझ्या बायकोकरवी निरोप पाठवला, "तुझ्या बँडने माझा नवरा नेला. पोराला नेऊ नकोस." मी चर्चमध्ये उभे राहून शब्द दिला की, वाइसेलेला मी नेणार नाही. तो आता बावीस वर्षांचा आहे. बँडमध्ये घ्या म्हणून अनेकदा मागे लागला. मी नाही म्हणालो. कारण सांगितले नाही.

वाइसेले माझा वासू आहे. ठाण्यात हे सगळ्यांना कळते, तरी सार्जंट म्हणतात म्हणून लिहून देतो. वासू म्हणजे बहिणीचा मुलगा. त्याने मामाच्या गावात ज्या वस्तूला हात लावला ती त्याची. मामाने "घे बाळा" म्हणायचे आणि हसायचे. मी पुष्कळ हसलो आहे. होडीचे इंजिन गेले तेव्हा हसलो. स्पीकर गेला तेव्हा हसलो, तो आता त्याच्या कोंबड्यांना भजने ऐकवतो. गाभण डुकरीण गेली तेव्हा मी हसलो, बायको हसली नाही.

आज संध्याकाळच्या जहाजाने आम्हाला राजधानीला, सुव्याला जायचे आहे. तिथल्या महोत्सवात उद्या आमचे गाणे आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलावणे आले, तेही आमच्या बोलीतल्या गाण्यांसाठी. पुन्हा कोण बोलावणार? आणि मंगळवारी आमच्या ड्रमवाल्याचा, रुपेनीचा, व्हिसा आला. तो सफरचंदांना गेला. त्याला दिलेल्या शिव्या जबाबात सांगत नाही. आज सकाळी आमची तालमीची शेड उघडली तर ड्रमसेटही नाही. तेलही गेले, तूपही गेले.

मी वाइसेलेच्या घरी गेलो. तो ओसरीवर ड्रम मांडून बसला होता.

"हे काय रे?"

"घेतलं, मामा."

"घे बाळा. पण आज जहाज आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. वाजवायला कोण आहे तुमच्याकडं? का रुपेनी तिकडनं सफरचंदं फेकून वाजवणार?"

"जीभ आवर."

"परत मागताय का, मामा? वासूकडं? थांबा, आईला हाक मारतो, तिलाबी ऐकू दे."

मी परत मागत नाही असे सांगितले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरे काय. मी फाटकापर्यंत आलो तोच तो पुन्हा वाजवू लागला. आमचे नवे गाणे होते. रुपेनीच्या हातात ते महिनाभर घासूनही बसले नव्हते. याने ते नुसते भिंतीपलीकडून ऐकलेले. याचा डावा हात बापासारखा जड पडतो. मी फाटकाशी गाणे संपेपर्यंत उभा होतो.

सार्जंट विचारतात, चोरी लिहू का? चोरी नाही. वासू चोरी करत नाही. मग तक्रार कशाची? मी म्हणालो, वैतागाची लिहा. तसे कलम नाही असे सार्जंटनी सांगितले.

माझे मागणे एवढेच की, वाइसेलेला आज दुपारी ठाण्यात बोलावून समज द्यावी. बँडमध्ये आता आम्ही चौघेच उरलो, तरी जहाजाचे पाचवे तिकीट मी पुरावा म्हणून येथे टेबलावर ठेवतो. त्यावर नाव घातलेले नाही. भाच्याला मी नेणार नाही, हा माझा शब्द कायम आहे. तिकीट मी त्याला दिलेले नाही आणि देणारही नाही. तो येईल तेव्हा ते कागदाखाली झाकू नये. त्याने हात लावला तर कोणी अडवू नये. वासूने उचललेले मी परत मागत नाही. बहीण विचारायला आली तर हा जबाब तिला पहिल्यापासून वाचून दाखवावा.

वरील मजकूर मला माझ्या बोलीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. मी तिकीट टेबलावर विसरलो असे मात्र कोणी लिहू नये. मी विसरलेलो नाही.