कोस्केलांच्या पोर्चवरचा दिवा

जिन्याची खुर्ची बसवणारा: वर न्या, खाली न्या, काही बिघडत नाही. फक्त मधे उभी करून ठेवू नका. दोन्ही टोकांनाच चार्ज होते ती.

मुलगी कार्ला, फोनवर: लाकडं फोडून सौनाची खोली तापवायचं वय आहे का बाबांचं? तळघरात विजेचा बसवून दिलाय ना मी?

फिजिओथेरपीवाली: उतरताना दुखरा पाय आधी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

कोस्केला, कुंपणापलीकडून: आवाज जरा होईल हां, रेइनो. आम्ही इथं नसलो तरी होईल. आधीच सांगून ठेवतो.

डॉक्टर: पेसमेकर बसवलाय, आता जड काही उचलायचं नाही. बायकोलासुद्धा नाही.

(मिशिगनचं उत्तर टोक, जानेवारीतली संध्याकाळ. बाहेर झाडांवर, तारांवर बर्फ गोठलेलं. जिन्याच्या वळणावर, खिडकीशी, रुळावरून वर-खाली सरकणाऱ्या विजेच्या खुर्चीत हेल्मी अडकली आहे. खाली तिचा नवरा रेइनो.)

हेल्मी: भिंतीवरचं बटण दाब की परत.

रेइनो: दाबलं. दिवे गेले, घर तापवायची भट्टी गेली, विहिरीचा पंप गेला. तुझी खुर्चीच तेवढी कशी चालेल?

हेल्मी: बॅटरीवर चालते म्हणाला होता तो.

रेइनो: टोकाला लावली तर. तू रोज तिला खिडकीशी थांबवून तळं बघत कॉफी पितेस. टीं टीं करून बोंबलत होती बिचारी.

हेल्मी: तिच्या तोंडावर चिकटपट्टी कोणी मारली?

रेइनो: तू सांगितलंस म्हणून.

हेल्मी: उभ्या जन्मात माझं तेवढंच ऐकलंस! बरं, ते हातानं फिरवायचं चाक होतं ना, खुर्चीबरोबर आलेलं?

रेइनो: आहे.

हेल्मी: मग आण.

रेइनो: बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाला लावलंय. मासेमारीच्या खोपटात आहे.

हेल्मी: आणि खोपट?

रेइनो: गोठलेल्या तळ्यावर. मधोमध.

हेल्मी: अरे देवा! खुर्चीचं चाक माशांना?

रेइनो: ओरडू नकोस.

हेल्मी: काय म्हणालास? मोठ्यानं बोल. कानातलं यंत्र वर राहिलंय, चार्जिंगला.

रेइनो: म्हटलं, पाय गार पडलेत का?

हेल्मी: लाकूड झालंय त्यांचं. ती अग्निशमनवाली माणसं काय म्हणाली?

रेइनो: रस्त्यावर झाडं पडलीत. सकाळी येतील, रस्ता मोकळा झाला तर.

हेल्मी: सकाळी! सकाळपर्यंत मी इथं गोठेन, रेइनो. आत्ताच बोलताना वाफ निघतेय.

रेइनो: म्हणून तर म्हणतो, उतर. मागच्या अंगणातला जुना सौना पेटवलाय मी. आत मस्त ऊब आहे.

हेल्मी: लाकडं कुठली? कार्लाला तर शपथेवर सांगितलंस, कुऱ्हाड विकली म्हणून.

रेइनो: एक विकली.

हेल्मी: लबाड म्हातारा! पण मी नाही उतरणार. याच जिन्यावरून पडले मी. तू हरणांच्या शिकारीला, आणि मी तिथं, तू उभा आहेस ना, तिथंच पडलेले, खुबा मोडून. शेगडीवर कॉफी जळत होती, तिचा वास येत होता, आणि उठून ती बंद करता येत नव्हती. तुला नाही कळायचं.

रेइनो: धर कठडा. मी खाली उभा आहे.

हेल्मी: उभा राहून काय करशील? मी अंगावर पडले तर तुझं यंत्र बंद पडेल.

रेइनो: ही खुर्ची आल्यापासून एक पायरी चढली नाहीस तू.

हेल्मी: आणि तिच्यामुळंच परत माझ्या पलंगावर झोपते मी. नाहीतर बैठकीत खाट टाकून ठेवली होती तुम्ही बापलेकीनं. येणारा-जाणारा माझ्या मोज्यांकडं बघायचा.

रेइनो: तुमच्याकडं वीज कधी आली गं, लहानपणी?

हेल्मी: मी शाळेत जायला लागले तेव्हा. आईनं पहिल्या रात्री दिवा विझवूच दिला नाही. सगळे त्याच्याखाली बसून राहिलो, कोणी आजारी असल्यासारखे.

रेइनो: त्याच्या आधी तुझी आजी जिना कसा उतरायची?

हेल्मी: आजीचा खुबा मोडला तेव्हा ती महिन्याभरात मेली, रेइनो. मला विजेचं प्रवचन नको. तुझ्या छातीत काय बसवलंय मग? शिट्टी? अरे, रेइनो?

रेइनो: काय?

हेल्मी: कोस्केलांच्या पोर्चवर दिवा लागला.

रेइनो: असेल.

हेल्मी: असेल काय? ती माणसं फ्लोरिडात आहेत. अंधार पडला की तो दिवा आपोआप लागतो. म्हणजे त्यांच्याकडं वीज आहे. एकाच तारेवर आहोत ना आपण?

रेइनो: हो.

हेल्मी: मग आपल्याकडं का नाही? बोल की! मघाशी तू मागच्या दाराकडं गेला होतास. स्विचच्या पेटीपाशी.

रेइनो: ...हो. मीच केली बंद.

हेल्मी: काय?

रेइनो: मी. बंद. केली. मेन स्विच खाली ओढला.

हेल्मी: ...मी इथं बसलेली असताना?

रेइनो: बघायचं होतं, उतरतेस का.

हेल्मी: मला इथं... थंडीत... आणि तो अग्निशमनवाल्यांचा फोन?

रेइनो: नव्हता केला.

हेल्मी: तू माणूस आहेस का रे? इतकी वर्षं... कुत्र्याला कोणी असं टांगून ठेवत नाही! कर चालू. आत्ताच्या आत्ता!

रेइनो: नाही करत. यायचं असेल तर ये आणि तूच कर.

हेल्मी: येते! थांब तिथंच. हलायचं नाही. कार्लाला सांगते, पाद्रीबाबांना सांगते, चर्चच्या कॉफीला अख्ख्या गावासमोर सांगते!

रेइनो: खुर्ची आधी फिरव. दांडा ओढ. हां. आता चांगला पाय पुढं...

हेल्मी: दुखरा आधी, गाढवा! दुखरा!

रेइनो: दुखरा, दुखरा. बरोबर.

हेल्मी: मला शिकवतोय. पोरीशी खोटं, डॉक्टरशी खोटं... आई गं...

रेइनो: दुखलं?

हेल्मी: तू बोलू नकोस! बॅटरी फक्त खुर्चीची गेली असं वाटत होतं मला. तुझी तर डोक्यातली गेलीय. सरक बाजूला. हात लावू नकोस मला.

रेइनो: नाही लावत. शेवटची पायरी जरा उंच आहे.

हेल्मी: माहितीय! माझं घर आहे. टॉर्च दे इकडं.

रेइनो: हेल्मी, तुझा वॉकर वर राहिलाय.

हेल्मी: खड्ड्यात गेला वॉकर. कुठाय ती पेटी... हे झाकण... हां... रेइनो.

रेइनो: हं.

हेल्मी: मेन चालू आहे.

रेइनो: हं.

हेल्मी: सगळेच स्विच वर आहेत. खाली कोणीच ओढलेलं नाही.

रेइनो: तो जाड कोट घाल. अंगणात वाळू टाकलीय मी, घसरणार नाहीस.

हेल्मी: आणि फोन?

रेइनो: केला होता. सकाळी येतील.

हेल्मी: मग कोस्केलांकडं...

रेइनो: कोस्केलांनी ऑगस्टमध्ये जनरेटर बसवला. वीज गेली की आपोआप सुरू होतो.