मूर्तीचं नाक

म्युझियमची रांग मूर्तीपाशी अडली. गजाननच्या पुढचं जोडपं कुजबुजत होतं.

"अहो, घरी चला. ती मला पक्की ओळखेल."

"दगड आहे तो, द्वारका."

"म्हणूनच तर घाटावर पडली होती तेव्हा इतकी वर्षं तिच्यावर कपडे धोपटले! नाक माझ्याच हातून गेलं."

"हळू बोल. चौकीदार बघतोय."

"होळकरांचं राज्य असतं तर त्यांनी माफ तरी केलं असतं हो. आता मध्य प्रदेश झालाय! जेलच होणार."

"थांब, पाटी वाचू दे. 'नाक शत्रूच्या हल्ल्यात तुटले.' घे, सुटलीस!"

"कसली सुटले? म्हणजे शत्रूला शोधतच असतील ना!"

"बाईसाब, जरा सुनिए," म्हणत चौकीदार उठला.

द्वारकाबाईंनी घाईघाईनं पदरानं स्वतःचं नाक झाकलं.