पुलाच्या अलीकडे

(सून पुढच्या डिझेल इंजिनात. सासरे मागे जोडलेल्या, म्युझियमकडे निघालेल्या, विस्तव नसलेल्या जुन्या वाफेच्या इंजिनात. बोलणं वॉकीटॉकीवर.)

सून : बाबा, परत विचारते. तुमच्या डाव्या बाजूला धूर दिसतोय का?

सासरे : धूळ आहे ती. इतकी वर्षं शेडमध्ये उभं होतं, उडणारच.

सून : आत्ता वळणावर मागे बघितलं मी. धूळ एकाच चाकापाशी कशी उडेल? जळका वास येतोय का?

सासरे : म्हातारपणी वास यायचाच. मलाही येतो, तुझ्या सासूला विचार.

सून : चेष्टा नको. मी थांबवतेय.

सासरे : थांबवू नकोस. पूल ओलांडला की स्टेशनच आहे. तिथे बघू.

सून : बेअरिंग तापलं असेल आणि पुलावर चाकाचा आस मोडला तर? घरात तुम्ही म्हणाल ते ऐकते, बाबा. इथे नाही. ब्रेक लावतेय, धरून बसा.

सासरे : ऐक माझं जरा... लावलास शेवटी.

सून : खाली उतरा. मीही येतेय.

* * *

सून : हे बघा, चाकाजवळच्या डब्यातून धूर निघतोय. तेल पार आटलंय. आणि हात का मागे धरलाय?

सासरे : काही नाही.

सून : दाखवा बघू. अहो, हे भाजलंय. केव्हा?

सासरे : मागच्या सिग्नलला. उतरून डब्याला हात लावून बघितलं.

सून : म्हणजे माहीत होतं तुम्हाला. आणि मला धूळ सांगत होतात.

सासरे : तू कंट्रोलला कळवलं असतंस. सकाळी साहेब माझ्यासमोरच म्हणाले, वाटेत कुरकुरलं तर कडेच्या लाइनवर टाका, म्युझियमचं नंतर बघू. नंतर कोण बघतंय? भंगारवाला तेवढा बघेल. शेडही पाडताहेत, परत न्यायला जागा नाही.

सून : आणि खाली नदीत गेलं असतं म्हणजे?

सासरे : पुलापलीकडे जाण्यापुरतं निघेल असं वाटलं.

सून : वाटलं. माझ्या इंजिनाला जोडून, तुम्ही आत बसून. आईंना कुणी काय सांगायचं होतं?

सासरे : चुकलो.

सून : हात पुढे करा. पाणी ओतते.

* * *

सून : कंट्रोलशी बोलले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, मागून दुसरं इंजिन पाठवतो, मागच्या स्टेशनात ओढून टाकू. मी म्हटलं, गार होऊ दे, तेल भरून पायी चालल्यासारखं पूल ओलांडते, जबाबदारी माझी. मग हो म्हणाले.

सासरे : तुझी कशाला? तुला नोकरी करायचीय अजून.

सून : म्हणून तर विचारते. खरं सांगा. जाईल?

सासरे : डब्यातली तेल धरून ठेवणारी गादी नवी घातली आणि अगदी सावकाश नेलं, तर बहुतेक जाईल.

सून : बहुतेक.

सासरे : खोटं नाही सांगत आता. मी पायरीवर उभा राहतो, नजर चाकावर. धूर दिसला की कळवतो.

सून : कळवाल ना?

सासरे : कळवेन.

* * *

सून : पुलावर आलो. बोलत राहा, बाबा.

सासरे : ठीक आहे. चालू दे.

सून : आता?

सासरे : चालू दे. अजून जरा हळू... थांब.

सून : काय झालं?

सासरे : थांब जरा, बघू दे. नाही, तेल ओघळतंय नुसतं. घे पुढे.

सून : जीव गेला होता माझा.

सासरे : माझाही. असंच राहू दे. धक्का न देता नेतेयस, चांगलं नेतेयस.

सून : शेवटचा गाळा. मागचं चाक?

सासरे : आलं. जमिनीवर आलं.

* * *

स्टेशनमास्तर : या, या. सगळे श्वास रोखून बघत होतो. दुरुस्तीवाले निघालेत. बेअरिंग बदललं की म्युझियमकडे जाऊ द्या, असं वरून कळवलंय. कंट्रोलला ड्रायव्हरशी बोलायचंय, फोन धरून आहेत. ड्रायव्हर तुम्हीच ना?

सासरे : मी नाही. पुढच्या इंजिनात आहे ती. माझी सून.